वेणी घालून देशील का?

सिल्वासाच्या टोकरखाडा भागातल्या घरी सुनंदाबाई दामले बाथरूममध्ये पडल्या, त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून फुलांचे आणि सुविचारांचे फोटो येत होते. बाहेर टेबलावर फोन टुणटुणत होता आणि बाई आत ओल्या फरशीवर आडव्या. हाका मारून घसा बसला, पण बंद दारांच्या त्या इमारतीत कुणाला काही ऐकू गेलं नाही. दुपारी कामाला येणाऱ्या पुतळाबाईकडे किल्ली होती, म्हणून त्या सापडल्या. उजवा खांदा निखळला होता.

बाई मूळच्या दापोलीच्या. लग्नानंतर नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे सिल्वासाला आल्या आणि इथल्याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. नवरा, विश्वनाथ, करोनात गेला. एकुलता एक अभिजीत बेंगळुरूला. तो धावत आला, डॉक्टर वगैरे सगळं नीट केलं आणि जाताना हॉलमध्ये कॅमेरा बसवून गेला. आईचे केस अजून कमरेपर्यंत होते. हात वर जात नाही म्हटल्यावर कापून टाक, असंही त्यानं सुचवलं.

कॅमेरा आल्यापासून त्याचे फोन कमी झाले. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "दिसतेस की तू रोज. बरी आहेस."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. जन्मभर वर्ग सांभाळलेल्या बाईवर आता दुकानावर ठेवतात तशी नजर ठेवायची? त्यांनी डाव्या हातानं कॅमेऱ्याची पिन उपटली आणि कॅमेरा बंद केलाय, असं अभिजीतला कळवून टाकलं. मग तेलाची बाटली आणि फणी घेतली, मोकळ्या केसांनिशी जिना चढल्या आणि वरच्या घराची बेल दाबली.

तिथं जवळच्या राखोलीच्या सुताच्या कंपनीत काम करणाऱ्या चारजणी भाड्यानं राहत. सोसायटीत त्यांना कुणी नावानं ओळखत नव्हतं. सगळ्या मिळून 'कंपनीवाल्या'. दार उघडलं ते दुर्गानं. चाळिशीची, साक्रीकडची, नुकतीच शिफ्ट संपवून आलेली.

"मी खाली राहते," बाई म्हणाल्या. "माझा हात वर जात नाही. वेणी घालून देशील का?"

दुर्गानं तेलाची बाटली हातात घेतली. मग म्हणाली, "बसा खाली. तेल जास्ती लागंल, गुंता लई झालाय."

तिचा हात जड होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी ती थांबली. दुखतंय, पण थांबू नकोस, असं बाईंनी सांगितलं. कुणाचा हात डोक्यावरून फिरून किती काळ लोटला, ते त्यांना तेव्हाच कळलं. दुर्गा बोलत होती. एका घरात चौघी, पण शिफ्ट वेगवेगळ्या, त्यामुळे जेवताना समोर कुणी नसतं. मोबाईल लावून जेवायचं आणि झोपायचं.

पुढं ते रोजचंच झालं. पण बाईंना उपकार ठेवून घ्यायची सवय नव्हती. त्यांनी एक दिवस जुन्या साड्या आणि कुकर वर नेऊन दिला. दुर्गानं सगळं तसंच खाली आणून ठेवलं.

"मावशी, असं देत राहिल्या तं मी तुमची कामवाली होईन. तुम्ही मागितलं, म्हणून मी केलं. मले बी काही लागलं तं मी मागंन."

बाईंना ते झोंबलं. दोन दिवस त्या वर गेल्याच नाहीत, विस्कटलेल्या केसांनी घरात वावरल्या. तिसऱ्या दिवशी दुर्गाच आली. छातीत गाठ लागत होती, दवाखान्यात एकटीनं जायची हिंमत होत नव्हती. सोबत याल का, एवढंच तिनं विचारलं. बाई दिवसभर तिच्याशेजारी बाकावर बसून राहिल्या. तपासणीत काळजीचं काही निघालं नाही. त्या संध्याकाळी दोघी पहिल्यांदा एकत्र जेवल्या. दुर्गानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती.

मग सोसायटीची बैठक लागली. सेक्रेटरी पाध्यांनी विषय मांडला, की कंपनीवाल्यांना यापुढे घरं द्यायची नाहीत आणि आहेत त्यांना काढायचं. वेळी-अवेळी ये-जा असते, कुटुंबवाल्यांना त्रास होतो. माना डोलू लागल्या. सुनंदाबाई उठल्या.

"मी पडले होते तेव्हा तुम्ही सगळे कुटुंबवाले घरीच होतात, पाध्ये. मला कुणाला दोष द्यायचा नाही, मीही कधी कुणाचं दार वाजवलं नव्हतं. पण त्या माझ्या शेजारणी आहेत. वरचं घर सोडायला लावाल तर माझ्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्या तिथं राहतील. माझं घर माझ्या नावावर आहे."

पाध्ये नियमांचं बोलू लागले. कुणाला शेजारीण म्हणायचं नाही असा नियम असेल तर दाखवा, असं बाईंनी त्यांना ऐकवलं आणि त्या खाली बसल्याच नाहीत. विषय निकाली निघेपर्यंत उभ्या राहिल्या. ठराव बारगळला. काही घरांनी बाईंशी बोलणं टाकलं. तिसऱ्या मजल्यावरची केतकी मात्र दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली आणि तासभर बसली. तिचं तान्हं बाळ होतं, नवरा रात्रंदिवस कामात, तीही बोलायला माणूस शोधत होती.

एप्रिलमध्ये अभिजीतचा फोन आला. आईचं बेंगळुरूचं तिकीट तो काढणार होता, कायमचंच. बाईंनी कायमचं येणार नाही असं सांगितलं. आणि मे महिन्यात तर पाहुणी म्हणूनही जमणार नव्हतं, कारण दुर्गाच्या भाचीचं साक्रीला लग्न होतं.

"तिथं तुझं कोण आहे?" त्यानं विचारलं.

"दुर्गा आहे."

बेंगळुरूत तो कुणासोबत जेवतो, हे बाईंनी त्याला इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. आता विचारलं. फोनसोबत, असं तो म्हणाला आणि जरासा हसला. मग लग्नाची तारीख विचारून म्हणाला, "मी येऊ का?"

"दुर्गाला विचारून सांगते," बाई म्हणाल्या.