तारेनं बांधलेली घंटी

ही गोष्ट मी आजवर कुणालाही पूर्ण सांगितलेली नाही. अर्धी सांगितली आहे, ती शेकडो वेळा. आमच्या नात्यात एकही लग्न, एकही बारसं असं गेलं नसेल, जिथं जेवणं आटोपल्यावर कुणी म्हटलं नाही, "दादाराव, ते तेलाचं सांग ना." आणि मी सांगितलं नाही. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माणसं मांडीवर थापा मारतात. मी गोष्ट चांगली सांगतो, असं सगळे म्हणतात — मलाही ते पटतं, हीच तर अडचण आहे.

तेव्हा आधी तुम्हाला तीच सांगतो, जी सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे उरलेली कुठं बसते ते कळेल.

आदिलाबादजवळ कापसातून सरकी काढणारी एक जिनिंग होती, तिच्याच आवारात सरकीच्या तेलाचा कारखाना. मी तिथं शिफ्टचा सुपरवायझर होतो. डिप्लोमा झालेला, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बिनशाईचं. माझ्या अक्काचे यजमान, श्यामराव भाऊजी, त्याच कारखान्यात टँकर भरायच्या व्हॉल्व्हवर होते. ते माझ्या आधीपासून तिथं होते. मला ती नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली — हे मी गोष्टीत कधी सांगत नाही.

टँकर उभा राहायचा भिंतीच्या एका बाजूला आणि तेल सोडायचा व्हॉल्व्ह दुसऱ्या बाजूला, पंपाजवळ. का, ते बांधणाऱ्याला माहीत. व्हॉल्व्हवरच्या माणसाला टँकरचं तोंड दिसायचं नाही. म्हणून एक घंटी होती. टँकरच्या तोंडात पत्र्याचा पोकळ गोळा लोंबता ठेवायचा. तेल वर आलं की गोळा तरंगून उचलला जाई, त्याची दांडी वर सरके आणि भिंतीपलीकडे घंटी वाजे. घंटी वाजली की व्हॉल्व्ह बंद. एवढंच. पण ते एवढंच नसलं तर बारा हजार लिटर तेलाला थांब म्हणणारं कुणी नाही.

तर गोष्ट अशी, की उन्हाळ्यातल्या एका दुपारी भाऊजींना स्टुलावर बसल्या बसल्या झोप लागली. घंटी वाजतेय, आणि हे घोरताहेत. इथं मी घोरून दाखवतो. मग तेलाची वरात निघते — टँकरवरून खाली, उतारानं वजनकाट्यावर, तिथून फाटकाबाहेर रस्त्यावर. शेठजी धावत येतात, त्यांची एक चप्पल पुढं जाते, ते मागं राहतात. तेल चाटायला आलेलं कुत्रं चारी पाय चार दिशांना पसरून बसतं. दोन गाड्या भरून सरकीची टरफलं ओतली, तेव्हा कुठं माणसांना उभं राहता आलं. आणि भाऊजी जागे होऊन विचारतात, "काय झालं बा?"

त्यांनी तसं काही विचारलं नव्हतं. ती माझी भर आहे.

भाऊजी समोर बसलेले असायचे. तेही हसायचे. घोरण्याचा आवाज मी कमी काढला तर म्हणायचे, "साळेसायेब, आज जोर कमी पडून राह्यला." मी साला आणि सुपरवायझरही, म्हणून साळेसायेब.

आता उरलेली सांगतो. थोडं थांबत सांगेन — मला हिची सवय नाही.

कच्च्या तेलाला फेस येतो. तो फेसच कधीकधी गोळा उचलायचा आणि टँकर भरायच्या आधीच घंटी वाजायची. मग व्हॉल्व्ह बंद करा, फेस बसू द्या, पुन्हा चालू करा, पुन्हा घंटी. त्या दिवशी चार टँकर रांगेत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, हिंदीत माझ्या खानदानाची चौकशी करत होते. भाऊजी भिंतीपलीकडून प्रत्येक घंटीला इमानानं व्हॉल्व्ह बंद करत होते. त्यांना घाई नावाची गोष्ट माहीत नव्हती. रोज सकाळी पहिला टँकर लागायच्या आधी ते स्वतः वर चढत, गोळा हातानं उचलून घंटी वाजते का पाहत, आणि उतरल्यावर तिच्याकडे बघून हात जोडत. आम्ही हसायचो. मी तर म्हणायचो, भाऊजींची आरती झाली, आता कारखाना सुरू करा.

आमच्या जिनिंगच्या माणसांना एक खोड असते. काहीही बिघडलं, सैल झालं, आवाज करू लागलं, की आम्ही ते रुईच्या गाठी बांधायच्या तारेनं बांधतो. सायकलचं मडगार्ड, पंख्याची जाळी, फाटकाची कडी. तार पायाखाली पडलेलीच असते. जेवणानंतर मी शिडीनं वर गेलो, तारेचा तुकडा घेतला आणि गोळ्याची दांडी खाली ओढून बांधून टाकली. आता फेस काय, तेल आलं तरी घंटी वाजणार नव्हती. माझा हिशेब असा होता, की मी स्वतः वर उभा राहीन, डोळ्यांनी तेल पाहीन आणि भिंतीवरून हातानं खूण करीन. तार बांधल्याचं भाऊजींना सांगितलं नाही. त्यांनी ऐकलंच नसतं.

मी उभा राहिलो का? राहिलो की. सात-आठ मिनिटं. ऊन असं होतं की टँकरच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसे. माझ्या केबिनमध्ये कूलर होता. ड्रायव्हर जेवायला पांगले होते. आणि टँकर भरायला अजून पंधरा मिनिटं होती.

पाच मिनिटं बसतो, म्हटलं.

तुम्ही ओळखलं असेल. आमच्या घरच्यांनी इतक्या वर्षांत ओळखलं नाही, कारण मी गोष्ट फार चांगली सांगतो. ते घोरणं माझं आहे. मी खुर्चीत, कूलरसमोर, तोंड उघडं टाकून झोपलो होतो. माझी बायको सांगेल मी कसा घोरतो ते. लग्नाकार्यात मी जो आवाज काढतो, तो मला कुठं शोधावा लागला नाही.

मी जागा झालो तो पायाला काहीतरी कोमट लागलं म्हणून. दाराच्या फटीतून तेल आत आलं होतं.

मी धावलो, पडलो, उठलो, शिडी चढलो. टँकरच्या तोंडातून तेल शांतपणे वाहत होतं. आणि वरून मला भिंतीपलीकडचं दिसलं. इथवर मी मनातल्या मनात अनेकदा आलो आहे आणि इथूनच परत फिरलो आहे. आज फिरत नाही.

भाऊजी स्टुलावर ताठ बसलेले होते. एक हात व्हॉल्व्हच्या चाकावर. डोळे उघडे, घंटीवर लागलेले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, पण ते तो सोडवतही नव्हते. घंटी वाजायची वाट पाहत होते — जी मी बांधून ठेवली होती.

पंपाचा आवाज मोठा, ओरडून ऐकू गेलं नसतं, हे खरं. पण हात हलवला असता तर? नुसता हात वर केला असता तरी त्यांनी पाहिलं असतं. मी हात वर केला नाही. मी आधी तार सोडली. तापलेल्या तारेचा पीळ उलगडायला वेळ लागतो. तेवढा वेळ तेल वाहत होतं, मला दिसत होतं, आणि मी पीळ उलगडत होतो. तार सुटली, दांडी वर गेली, घंटी वाजली. आणि घंटी वाजताक्षणी — अर्धा श्वाससुद्धा गेला नसेल — भाऊजींनी चाक फिरवलं.

तार मी खिशात घातली.

त्या घंटीनंच सगळे धावत आले. आल्यावर त्यांना काय दिसलं? घंटी वाजतेय, फाटकापर्यंत तेल गेलंय, आणि श्यामराव आता कुठं व्हॉल्व्ह बंद करताहेत. शेठजींनी घंटी तपासायला लावली. ती खणखणीत वाजली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "झोप लागली असेल, शेठजी. ऊन फार आहे." भाऊजींची बाजू घेतल्यासारखं म्हणालो. लोकांना तर वाटलं, बघा, साल्याला किती कळवळा.

भाऊजी एवढंच म्हणाले, "मले तर घंटी ऐकूच नाही आली बा." मग हळू आवाजात, "लागला असंल डोळा."

त्यांना व्हॉल्व्हवरून काढून सरकीच्या पोत्यांवर टाकलं. घरी अक्का रडत बसली होती. तिला हसवायला म्हणून मी पहिल्यांदा कुत्र्याचं सांगितलं, मग शेठजींच्या चपलेचं. ती हसली. भाऊजीही हसले. मला इतकं हलकं वाटलं, की मी थोडं घोरूनही दाखवलं. तेव्हापासून ते घोरणं त्यांच्या नावावर आहे. अक्का तीन वर्षांपूर्वी गेली. आपला नवरा कामावर झोपला होता, हेच मनात धरून गेली.

हे सगळं मी आता का लिहून राहिलोय?

भाऊजींची मुलगी ज्योती शाळेत शिक्षिका आहे. तिची मुलगी अनू आठ महिन्यांची. ज्योतीची रजा संपत आली. तिनं बापाला म्हटलं, "बाबा, तुमी तिकडं गावाले, बेल्याले, एकटे काय करता, आमच्याकडं येऊन राहा, अनूले दिवसभर सांभाळा." त्या पोरीवर त्यांचा किती जीव आहे, ते मी पाहिलंय. ती रांगते तसे ते तिच्या मागं रांगतात. पण ते नाही म्हणाले. ज्योतीनं मला फोन केला. रडत होती. "मामा, ते म्हणतात, मले नको देऊ वं लेकरू, माहा डोळा लागते. मी भरवशाचा मानूस नाही. तुमीच सांगा ना त्याईले. नाही तर मले नोकरी सोडा लागंल."

फोन ठेवल्यावर मला एकेक आठवू लागलं. भाऊजींनी व्हॉल्व्हनंतर कधी मोटारसायकल चालवली नाही. घरी पाण्याची टाकी भरत असली तर ती भरेपर्यंत ते पाइप धरून उभे राहतात, बसत नाहीत. गॅसचं बटन तीनदा पाहतात. अक्का चिडायची, काऊन एवढं पाहता म्हणायची. मी त्याचाही एक किस्सा केला होता. तो पण चालायचा.

त्या माणसाचं काम गेलं, हे मला माहीत होतं. त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला, हे मला या वर्षी कळलं. आणि तो कारखान्यानं काढून घेतला नाही. तो मी घेतला, दर लग्नात थोडा थोडा, लोकांना जेवणानंतर हसवत.

मी काल त्यांना फोन केला. म्हटलं, भाऊजी, त्या दिवशी तुमी झोपले नव्हते, घंटी मीच बांधली होती.

ते हसले. बराच वेळ हसले. मग अगदी मायेनं म्हणाले, "ज्योतीनं सांगितलं वाटते तुले असं बोलाले. राहू दे साळेसायेब. तू लई चांगला माणूस आहेस. पन मले माहं मालूम आहे."

मी खोटं इतकं नीट सांगत आलो, की आता खरं सांगितलं तर ते माझा चांगुलपणा ठरतो.

म्हणून लिहायला बसलो. रविवारी ज्योतीकडे अनूचे कान टोचायचे आहेत. सगळे येतील. जेवणं झाली की कुणीतरी तेलाचं सांगा म्हणेलच. मी हे कागद काढून वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून, तारेसकट, कूलरसकट. मध्ये कुणी हसलं तरी थांबणार नाही. त्यानंतर भाऊजी माझ्याशी बोलतील की उठून बेल्याची बस धरतील, हे त्यांचं ते ठरवतील. बाकीच्यांनी मला काय म्हणायचं, तेही त्यांचं. मला एवढंच हवं, की आपला बाप त्या दुपारी जागा होता, हे ज्योतीनं भाऊजींच्या शेजारी बसून ऐकावं — आणि त्यांनी तिचा चेहरा पाहावा.