शेवटचं प्रकरण न वाचणाऱ्या मामी

कलकत्त्यातल्या मराठी माणसांत मामींइतक्या कादंबऱ्या कुणी वाचल्या नसतील, आणि मामींइतक्या कमी कादंबऱ्या कुणी संपवल्याही नसतील. इंग्रजी असो, बंगाली असो, मराठी असो, दोनशे पानांची असो की हजार, मामी ती शेवटच्या प्रकरणाच्या दारापर्यंत नेत, तिथे लोकरीचा एक धागा घालत आणि पुस्तक कपाटात ठेवून देत. भवानीपूरच्या त्यांच्या घरातलं कुठलंही कपाट उघडलं, की पुस्तकांतून रंगीबेरंगी टोकं लोंबताना दिसत. नव्या पाहुण्याला वाटे, बाईंनी अर्धवट राहिलेलं विणकाम लपवून ठेवलं आहे.

त्या माझ्या मामी नव्हत्या. तशा त्या कुणाच्याच नव्हत्या. फार पूर्वी त्यांचा एक भाचा शिकायला त्यांच्याकडे राहिला होता. तो शिकून आफ्रिकेत गेला, पण त्याने मारलेली हाक मात्र इथेच राहिली आणि आमच्या लोकांत सगळे त्यांना मामी म्हणू लागले. त्यांचा जन्म कलकत्त्यातलाच. मराठी अगदी नीटनेटकं बोलत, फक्त रागावल्या की बंगालीत शिरत. त्यामुळे त्या रागावल्या आहेत हे पुण्याहून आलेल्या माणसाला कळतच नसे. कानाला गोड वाटे म्हणून तो हसत बसे आणि त्यांचा राग वाढे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती आईने पाठवलेला डबा घेऊन. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि बाबांची दिल्लीहून कलकत्त्याला बदली झाली होती. माझं शिक्षण सगळं नन्सच्या बोर्डिंगच्या शाळांतून झालेलं. मराठी घरात बोलण्यापुरतं येई, वाचताना मात्र जोडाक्षरापाशी अडखळायला होई. शिवाय मला माणसांसमोर बोलायचा संकोच. मामींनी डबा घेतला, मला बसवलं आणि सध्या काय वाचतेस म्हणून विचारलं. मी एका इंग्रजी कादंबरीचं नाव सांगितलं. कशी वाटली, म्हणाल्या. मी म्हटलं, छान.

"छान हा शब्द श्रीखंडासाठी ठेव," मामी म्हणाल्या. "कादंबरीबद्दल काहीतरी बोल."

 माझ्या बोलण्यासाठी त्या थांबल्या नाहीत. पुढचा तासभर त्याच बोलल्या आणि मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून आमचं ठरूनच गेल्यासारखं झालं. मतं त्यांची, कान माझे.

मामींची मतं ऐकण्यासारखी असत. इंग्रजी कादंबरीत मुलगी पावसात भिजली की आजारी पडते आणि आजारी पडली की तिचं लग्न जमतं. तसं असतं तर कलकत्त्यात एक मुलगी बिनलग्नाची राहिली नसती, असं त्या म्हणत. रशियन कादंबऱ्यांपुढे त्या हात जोडत, पण त्यांतल्या माणसांना कुणी वेळेवर जेवायला घातलं असतं तर निम्मा मनस्ताप टळला असता, हेही सांगत. त्यांचा खरा जीव ऐतिहासिक कादंबऱ्यांवर, आणि म्हणून खरा मारही त्या कादंबऱ्यांनाच बसे. "एवढी भुयारं असती, तर एक किल्ला उभा राहिला नसता, सगळे खाली बसले असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. तलवार उपसल्यावर दीड पान भाषण करणारा माणूस भाषणाच्या शेवटी जिवंत असतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. शत्रूच्या गोटात वेष पालटून गेलेल्या नायकाला फक्त नायिका ओळखते आणि पहारेकरी ओळखत नाही, तेव्हा पहारेकऱ्याचा पगार कापावा असं त्यांचं म्हणणं. एकदा गणेशोत्सवात देशाकडून एक कादंबरीकार व्याख्यानाला आले होते. त्यांच्या कादंबरीतला सरदार एका रात्रीत घाटावरून खाली कोकणात उतरून, कामगिरी उरकून परत वर येतो. व्याख्यान संपल्यावर मामी उभ्या राहिल्या आणि या प्रवासात घोड्याने पाणी कुठे प्यायलं, एवढंच त्यांनी विचारलं. लेखक हसून म्हणाले, कादंबरीतल्या घोड्याला तहान लागत नसते बाई. "मग वाचकाला कशी लागणार?" म्हणून मामी खाली बसल्या. त्या वर्षी आभारप्रदर्शन फार लवकर झालं.

एवढ्या चुका काढता, मग पुन्हा त्याच का वाचता, असं आईने एकदा त्यांना विचारलं. तेव्हा मामी म्हणाल्या, अहो, माणसं आवडली की त्यांच्या खोडी दिसणारच. परक्याच्या खोडी बघायला वेळ कुणाला आहे. हे मला फार पटलं.

जुनी पुस्तकं घ्यायला त्या मला बरोबर नेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेला एक गृहस्थ सियालदह स्टेशनजवळ फुटपाथवर पुस्तकं मांडून बसे. शेवटची पानं गळालेलं पुस्तक मामी घासाघीस न करता घेतात, हे त्याने हेरलं होतं. तो तशी पुस्तकं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी आणि त्या आल्या की "मा, शेषेर पाता नेई," शेवटचं पान नाही, असं मोठ्या अभिमानाने सांगे. एके दिवशी त्याने धडधाकट बांधणीचं, कोऱ्यासारखं दिसणारं पुस्तक पुढे केलं. त्याचीही शेवटची पानं नव्हती, पण ती गळालेली नव्हती. मामींना खूश करायला त्याने ती सकाळीच कापून काढली होती. त्या दिवशी मामींचं बंगाली साऱ्या फुटपाथने ऐकलं. शेवट असायला हवा, फक्त तो वाचायचा नसतो, हा फरक त्या त्याला समजावत होत्या. तो बिचारा मान हलवत होता आणि माझ्याकडे पाहत होता. मलाही तेव्हा तो फरक कळला नव्हता.

कळला तो पुढच्या थंडीत. लोक म्हणत की मामींचे यजमान त्यांना रोज रात्री कादंबरी वाचून दाखवायचे, ते अचानक गेले, आणि तेव्हापासून मामींनी शेवट सोडले. मीही तसंच धरून चालले होते. एका दुपारी त्यांनी आपणहूनच विषय काढला आणि लोकांची ही गोष्ट साफ मोडीत काढली. यजमान होते तेव्हाही त्या शेवट वाचत नसत. ते बजबजच्या ज्यूट मिलमध्ये इंजिनिअर होते. संध्याकाळच्या गाडीने घरी येत, जेवण झालं की एक प्रकरण मोठ्याने वाचत. शेवटचं प्रकरण आलं, की मात्र ते मनातल्या मनात वाचत आणि मामी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत. त्यांची भुवई, ओठ, घसा खाकरणं, यावरून मामींना सगळं समजे. कोण मेलं, कोण परत आलं, लेखकाने कुठे घाई केली, सगळं.

"शब्दांत शेवट फार लहान होतो गं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या तोंडावर तो केवढा मोठा दिसायचा."

मग त्यांनी कपाटातून एक मराठी कादंबरी काढली. एका वेढा पडलेल्या किल्ल्याची ती गोष्ट होती. म्हातारा किल्लेदार बुरुजावर उभा राहून कुमकेची वाट पाहतो आहे, इथवर दोघांचं वाचून झालं होतं. शेवटचं प्रकरण उद्या, असं म्हणून यजमानांनी पुस्तक मिटलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मिलमधून परत आले नाहीत. बाकी सगळ्या पुस्तकांचे शेवट मामींनी या ना त्या माणसाच्या तोंडावरून नंतर मिळवले असते, किंवा नसतेही मिळवले. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. या एकाचा मात्र हवा होता. मी भीत भीत म्हटलं की तो किल्ला पडला हे तर आम्हाला शाळेतसुद्धा होतं.

"इतिहास मला ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. "कादंबरी ठाऊक नाही."

त्यांनी तो शेवट आजवर का मिळवला नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनीच सांगितलं. तोंड सापडलं नाही, म्हणाल्या. बहुतेक माणसं वाचताना वाचत असल्याचा आव आणतात. आणि आता तोंड सापडून उपयोग नव्हता, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पान डोळ्यांशी धरलं तर अक्षर लागे, पण समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना मी भेटण्याआधीपासूनच धुक्यातल्या दिव्यासारखा दिसत होता. एक डोळा डॉक्टरांनी सोडूनच दिला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन करायचं होतं, पण यशाची खात्री ते देत नव्हते.

ऑपरेशन झालं. त्या काळी डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे डोळ्यांपेक्षा मानेचीच परीक्षा असे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि हलायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. ज्या बाईने जन्मभर प्रत्येक पानावर मान हलवली, तिला मान न हलवता निजायचं होतं. मी कॉलेज सुटलं की जाई आणि त्यांना वाचून दाखवी. त्यांनी तोच किल्ला मागितला, पहिल्या पानापासून. माझं मराठी वाचन म्हणजे बैलगाडी. प्रत्येक जोडाक्षर हा एक खड्डा. शेजारच्या खाटेवरच्या बंगाली बाईंना मराठी एक अक्षर कळत नव्हतं, पण मी कुठे अडले ते त्यांनाही कळे. चौथ्या दिवशी मला लाजेने रडू यायची वेळ आली, तेव्हा पट्टीखालून मामींचा आवाज आला.

"अडखळतेस ते बरं आहे. किल्ला तेवढाच जास्त टिकतो."

मग मी घाबरायची थांबले. भुयार आलं तेव्हा मामी हसल्या आणि नर्स त्यांना रागावली. पुन्हा भुयार आलं की मीच तेवढं गाळून पुढे जाई. किल्लेदार बुरुजावर येऊन उभा राहिला, तिथे लोकरीचा धागा होता. मी थांबले. त्यांनीही पुढे वाच म्हटलं नाही. पट्टी सुटेपर्यंत आम्ही दोघी किल्लेदाराला तिथेच उभा ठेवून इतर बोलत राहिलो, म्हणजे त्या बोलत राहिल्या.

पट्टी सुटल्यावरही काही दिवस नुसता उजेडच दिसे. डॉक्टर काही बोलत नव्हते आणि मामी त्यांना विचारत नव्हत्या. शेवटी चष्मा आला, बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा. निरोप मिळाला तशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला खिडकीशी उभं केलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि बराच वेळ पाहिलं.

"तू अशी आहेस होय," त्या म्हणाल्या. "मी तुला जरा उंच धरली होती."

मग किल्ला माझ्या हातात दिला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. मनात वाच, म्हणाल्या.

मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हेच मी शाळेत सगळ्यांत चांगलं शिकले होते. रडायचं असेल तर गादीत, हसायचं असेल तर रुमालात. बोर्डिंगमधल्या सिस्टर्स माझं उदाहरण इतर मुलींना देत. आणि आता एका माणसाने इतकी वर्षं जपून ठेवलेला शेवट माझ्या या कोऱ्या तोंडावरून वाचला जाणार होता. पहिल्या पानावर मी शहाणपणा केला. दुःखाची ओळ आली असं वाटून भुवया जवळ आणल्या.

"नाटक नको," मामी शांतपणे म्हणाल्या. "हळू वाच. मला घाई नाही."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अडखळत, मनातल्या मनात, बोट ओळीखाली धरून. कुठल्या तरी पानावर मी मामींना विसरले. खाली ट्रामची घंटा वाजली ती ऐकू आली, पण ती माझ्यासाठी नव्हती. त्या प्रकरणात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. मामींना ते चाललं नसतं. एवढंच सांगते की किल्ला पडला हे मला ठाऊक होतं, आणि तरी शेवटच्या पानापर्यंत तो पडणार नाही असं मला वाटत होतं.

मी वर पाहिलं तेव्हा मामींनी चष्मा काढून हातात घेतला होता आणि पदराने पुसत होत्या. माझ्या तोंडावर काय उमटलं होतं, ते मला माहीत नाही. गाल ओला लागला, म्हणून मी हात लावला.

"असं झालं तर," मामी म्हणाल्या. मग चष्मा पुन्हा नाकावर चढवून म्हणाल्या, "ह्यांना आवडलं असतं."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, धागा ओढून काढला आणि बोटाभोवती गुंडाळत बसल्या. त्या दिवशी त्यांनी मला एकही मत सांगितलं नाही. मी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत आल्या आणि भिंगांतून मोठ्या झालेल्या एका डोळ्याने मला खाली उतरताना पाहत उभ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी बाबांची नागपूरला बदली झाली. इथे मराठी पुस्तकं हवी तेवढी मिळतात आणि मी ती पूर्वीपेक्षा पुष्कळ भराभर वाचते. रात्री जेवणं झाली की मी कंदिलाशी पुस्तक घेऊन बसते. बाबा वर्तमानपत्रात असतात, आई काहीतरी निवडत बसलेली असते, आणि माझ्याकडे कुणी पाहत नाही. तरी शेवटचं प्रकरण आलं, की मी बाकीची वही-पुस्तकं बाजूला सारते, दिवा जरा जवळ ओढते, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर पडेल, आणि मग वाचायला लागते.