परातीतला टक्

जगदेव मास्तरांनी किडा स्पिरिटच्या बाटलीत बुडवला, झाकण घट्ट आवळलं, आणि मगच सभ्य माणसासारखं विचारलं, "देवमनभाऊ, हा माह्यासाठीच ठेवला होता नं?"

नवा किडा दिसला की काडीपेटीत घालून ठेवा, असं त्यांनीच आसेगावभर सांगितलं होतं. खाटेजवळ काडीपेटी होती, आत किडा होता. मास्तरांना आणखी काय हवं?

चहा घेऊन आलेला देवमन दारातच थांबला. "वावर किड्यायनं भरलं हाये, मास्तर. तुमाले हाच सापडला? तो हिचा होता."

ही म्हणजे खाटेवरची हौसाबाई. देवमन मेथी-वांगी पिकवायचा, ती मंगरूळपीरच्या बाजारात विकायची. तिची हाक एसटी स्टँडपर्यंत पोचायची. तिच्यापुढे देवमनवर तीस वर्षं तोंड उघडायची वेळच आली नाही. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली, आणि बोलायचं काम देवमनवर आलं. त्याला ते येत नव्हतं.

मग कांद्याच्या वाफ्यात हा लांबोडका, काळपट किडा निघाला. याच्या अळ्या मुळं कुरतडतात, एरवी देवमननं तो टाचेखालीच घेतला असता. पण उताणा पडलेला किडा 'टक्' करून वीतभर उडाला आणि पायांवर उभा राहिला. देवमननं तो घरी आणून परातीत उताणा टाकला. टक्! खाटेवरून हौसाबाईनं टाळूला जीभ लावली. टक्! तेव्हापासून रोज दिवे लागायच्या वेळी घरात बोलणं होऊ लागलं.

हे ऐकून मास्तरांनी चहा तसाच ठेवून सारे वाफे उकरले. तसा दुसरा मिळाला नाही.

पंधरा दिवसांनी ते बाटली घेऊन धावतच आले. "भाऊ, पुण्याच्या तज्ज्ञानं पाह्यला. म्हणे, अशी जात मीबी कधी पाह्यली नाही! नवी निघाली तर नाव हौसावहिनीचं द्या, म्हणलं मी!"

देवमननं बाटली परातीत ठेवली. आत किडा उताणाच होता. हौसाबाईनं टाळूला जीभ लावली. टक्. वाट पाहिली. पुन्हा, जरा हळू, टक्.

मास्तर उगीच चष्मा पुसू लागले. "पुस्तकात नाव राहीन, भाऊ. कायमचं."

"नाव ठेवा बाजूले, मास्तर, त्याले वाजवून दाखवा."