वाडीच्या तोंडाशी काढलेल्या वहाणा

"काढ त्या वहाणा! इंग्रजी शाळेत गेलास म्हणून पायांना शिंगं फुटली काय रे?"

खोतांनी काठीच्या टोकाने माझ्या वहाणा उचलल्या आणि पाटाच्या पाण्यात भिरकावल्या. दिवेआगरला त्यांची सुपारीची वाडी. गडीमाणसांनी तिथे अनवाणीच शिरायचे, ही रीत. तिथेच कामाला असलेल्या आईने पाटात वाकून वहाणा काढल्या, पदराने पुसल्या आणि वर खोतांनाच म्हणाली, "चुकलं पोराचं."

शेजारी त्यांचा मुलगा मधू उभा होता. माझ्याच वर्गातला. पायांत मुंबईचे बूट. सांगायला संकोच वाटतो, पण मला तेव्हा खोतांचा राग आला नाही. मधूचा हेवा वाटला. त्याच्या बुटांचा, आणि त्याहून त्याच्या गालांचा. पिकल्या सुपारीसारखे गाल! आमच्या घरात सगळ्यांची तोंडे पांढरी. पावसात तळपायांना खाज सुटायची, मग चार पावले टाकली की धाप. धाकटी बहीण सुंदी तर भिंतीची माती खरवडून खायची. खोत हसायचे, "मातीखाऊ जात!" मधूचे पोट दुखले की मुंबईहून औषधाची पुडी यायची. सुंदीसाठी देवीला नारळ.

पुढे मी मुंबईला कॉलेजात गेलो. घरातला पहिलाच. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली एक जंत पाहिला. तोंडात आकड्यासारखे दात. प्राध्यापक म्हणाले, "माणसे उघड्यावर शौचाला बसतात, त्या ओल्या मातीत याच्या अळ्या होतात. अनवाणी तळव्यातून आत शिरतात. आतड्याला चिकटून रक्त पितात. असा रोगी कधी कधी माती खातो."

बाकीची मुले त्या जंताचे चित्र काढत होती. मला त्यांचाही हेवा वाटला. त्यांना ते नुसते चित्र होते. मला वाडीचे तोंड दिसत होते.

सुट्टीत सुंदीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. औषध दिले, वर जुलाब. जंत पडले. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा अनवाणी गेली, तर पुन्हा होतील."

मी तिला वहाणा आणल्या. आई घाबरली. "काम जाईल रं. दुसरं काय हाय आपल्याला?"

सकाळी आई पुढे गेली. मागून सुंदी वहाणा घालून कामाला निघाली, मी बरोबर. वाडीच्या तोंडाशी खोतांची काठी आडवी आली. मागे मधू, बुटांत.

"काढ."

सुंदी वाकली. मी तिचा दंड धरला.

"न्हाय काढायच्या. आधी मधूचे बूट काढा. मग आमच्या वहाणा."

"मग वाडीत पाऊल नको."

आम्ही वळलो. आई आतच राहिली. घरची चूल पेटती राहावी म्हणून. अनवाणी.

आता तिच्या मापाच्या वहाणा आणायच्या आहेत. ती नको म्हणेल. मी ऐकणार नाही. मधूचे गाल मला अजून खुपतात. खुपू देत. तसे गाल माझ्या घरात दिसायला हवेत, आणि यापुढे त्या काठीपुढे आमच्यातले कुणी वाकणार नाही.