देवळ्याच्या तीन बाया आणि माझं बायबल

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी स्टेनो होते, तेव्हाची गोष्ट. साल ऐंशी-एक्क्याऐंशी असेल. फेब्रुवारीतल्या एका दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलावरचे गायकवाडसाहेब मला म्हणाले, "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

गायकवाडसाहेब बौद्ध, आमच्या ऑफिसातले सगळ्यात वाचणारे गृहस्थ. कुठलंही पुस्तक हाती आलं की पूर्ण वाचणार. आमचं बायबलही त्यांनी वाचलं होतं, तेही पेन्सिलीनं खुणा करून...

"येशू उठला त्या सकाळी कबरीपाशी बाया नेमक्या किती गेल्या होत्या? एका ठिकाणी एकीचंच नाव आहे. दुसरीकडे दोघींचं, तिसरीकडे तिघींचं. असे साक्षीदार आपल्याकडे आले तर सरकारी वकील काय करतील?"

त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा असती तर मी भांडले तरी असते. पण ते खरंच विचारत होते.

माझं बालपण शरणपूरचं, नाशिकच्या ख्रिस्ती वस्तीतलं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. सकाळच्या चहाआधी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, ही आमच्या घरची रीत. त्या दिवसापासून मी वाचताना नुसती बसायचे... कानावर शब्द पडायचे, आत काही जायचं नाही. तीन आठवडे असे काढले आणि एका रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून टाकलं, की संडे स्कूलमध्ये शिकवणं मला आता जमणार नाही. जे मलाच खरं वाटत नाही, ते मुलांना कसं शिकवू?

ते रागावले नाहीत. "ईस्टरपर्यंत थांब," एवढंच म्हणाले.

त्याच सुमारास आमच्या कोर्टात देवळ्याकडची एक केस उभी राहिली. सखुबाई नावाची विधवा. दिरानं आरोप केला होता, की जमिनीच्या वादातून तिनं त्याची कांदे साठवायची चाळ पेटवली. गुन्हा शाबित झाला असता तर बाई कित्येक वर्षं तुरुंगात गेली असती.

दिराच्या बाजूनं चार पुरुष साक्षीला आले. चौघांनी तिला पाहिलं होतं. हातात टेंभा, अंगावर हिरवं लुगडं, तोंड पूर्वेकडे... चौथा बोलायला लागला तेव्हा पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक होतं. माझी बोटं त्याच्यापुढे धावत होती.

सखुबाईच्या बाजूनं तीन मजूर बाया आल्या. आग लागली तेव्हा ती आमच्याबरोबर गावाबाहेरच्या विहिरीवर होती, असं तिघींचं म्हणणं. पण एक म्हणाली आम्ही चौघी होतो, दुसरी म्हणाली पाच. एकीच्या मते ऊन कलतं होतं, दुसरीच्या मते दिवेलागण झाली होती. सरकारी वकिलांनी उलटतपासात त्यांची पार दाणादाण उडवली.

तिसरी, ठकूबाई, तर पोलिसांपुढे आधी 'मी काही पाहिलं नाही' असं सांगून बसलेली. वकिलांनी तेच पुढे केलं. ती अहिराणीत म्हणाली, "व्हय साहेब, पहिले मी खोटं बोलनू. मी घाबरी गयथू. पन ती आमनासंगेच व्हती."

मला वाटलं, संपलं... बाई गेली आत.

आठवड्यानं जजसाहेबांनी चेंबरमध्ये मला निकाल डिक्टेट केला. इंग्रजीत होता, पण त्याचा मथितार्थ आजही पाठ आहे. चार पुरुषांच्या साक्षी शब्दाशब्दाला जुळतात, म्हणूनच त्या पढवलेल्या वाटतात. ज्यांनी खरं पाहिलेलं असतं ते आपापल्या जागेवरून पाहतात, आपापलं सांगतात. बायांचं बारीकसारीक गोष्टींत जुळत नाही, मुख्य गोष्टीत मात्र एकीचंही पाऊल मागे सरत नाही. आणि जी साक्षीदार स्वतःची लाज स्वतःच्या तोंडानं सांगते, तिच्यावर विश्वास न ठेवायला काही कारण दिसत नाही.

माझी पेन्सिल थांबली.

"बाई, काही राहिलं का?" जजसाहेबांनी विचारलं.

"नाही सर..."

कबरीपाशी एक गेली की तिघी, यावर बायबलात येशूची कहाणी लिहिणाऱ्या चौघांचं जुळत नाही. कबर रिकामी होती, यावर चौघेही ठाम. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, घाबरून त्याला तीनदा नाकारलं, हेही चौघांनी लिहून ठेवलंय... त्यांच्यातलाच मोठा माणूस, तरी झाकलं नाही. ज्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, त्या काळी पहिल्या साक्षीदार म्हणून बायकाच उभ्या केल्या. रचून सांगणारे असं कशाला करतील?

आणि हे साक्षीदार खरे, तर ते ज्या येशूविषयी सांगतात त्याचंही मला ऐकावं लागणार. तो स्वतः जुन्या शास्त्रापुढे, म्हणजे बायबलच्या जुन्या करारापुढे, मान झुकवायचा. मग त्यावर शंका घेणारी मी कोण मोठी लागून गेले?

सखुबाई निर्दोष सुटली. मी घरी पळतच गेले. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मी आधी येशूचं ऐकलं, मग मला पटत गेलं. तुझं उलट झालं. चालतंय की."

गायकवाडसाहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मला सगळं पटलं असं नाही, ताई. पण माझा प्रश्न मी मागे घेतो."

ईस्टरला पाळकसाहेबांकडे मी एकच मागणी केली... येशू उठल्याचे चारही वृत्तान्त एकापाठोपाठ मला वाचू द्या, फरकांसकट. माझा आवाज एकदाही अडखळला नाही. वाचून झालं आणि सगळं चर्च उठून गायला लागलं. तसं गाणं मी पुन्हा क्वचितच ऐकलं.

देवळ्याच्या त्या बाया मला परत भेटल्या नाहीत. निकालाच्या दिवशी पदर सावरत त्या एसटी स्टँडकडे निघाल्या, तेवढ्याच दिसल्या. आल्या होत्या एका बाईला सोडवायला... सोडवून गेल्या दोघींना.