जॉबरमामांच्या चिठ्ठ्या

जॉबरमामांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि तरी शंभरेक इंग्रजी कॉमिक्स त्यांनी मराठीत आणली होती. कशी, ते ऐका. जुन्या बाजारातून फाटकी कॉमिक्स आणायची, चित्रं निरखायची, कोण कुणाला काय म्हणत असेल ते मनानंच ठरवायचं आणि पात्रांच्या तोंडाशी असलेल्या बोलण्याच्या फुग्यांवर आपल्या अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवायच्या. मूळ गोष्ट काय होती याच्याशी मामांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. रोज लांबच्या वळसंग गावाहून सायकलीनं यायचे. मी तिथंच कॉम्प्युटरवर टॉवेलची डिझाइनं काढायचो. एसीच्या खोलीत बसायचो, म्हणून स्वतःला फार शहाणा समजायचो. मामा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी मला ‘सायेब’ म्हणायचे, आणि मी खुशाल म्हणू द्यायचो.

त्यांच्या कॉमिक्समधला उडणारा वीर पाठीवर जे फडकवतो ती मामांच्या मते सोलापुरी चादर होती. खालून हात वर करून ओरडणारा पोलीस म्हणजे कारखान्याचा वॉचमन. त्याच्या तोंडी चिठ्ठी होती, “अय, थांब की! चादर कारखान्याची हाय, गेटपास कुटंय?” वीर वरून म्हणायचा, “सांच्याला आनून देतो, आई लई आजारी हाय.” पुढची वीस पानं तो आईला दवाखान्यात न्यायला निघालेला आणि वाटेत जो तो त्याला अडवतोय! कामगारांची पोरं हसून लोळायची. मी एकदा म्हटलं, “मामा, खरी गोष्ट वेगळी आहे हो.” तर म्हणाले, “आसंल की. पर त्येची आई आजारी न्हवती हे कशावरनं?”

सुट्टीच्या दिवशी गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामांचं हे कॉमिक्सचं वाचनालय भरायचं. वर्गणी नव्हती. “पैसा नगं, हात द्या,” एवढाच नियम. कुणी खोक्याचा पुठ्ठा द्यायचं, कुणी चिठ्ठ्या डकवायला खळ शिजवून आणायचं. मामा मागावरच्या दोऱ्यानं पुस्तकं शिवायचे. घरी तेलुगू बोलणारी आमच्या एका मागवाल्याची मुलगी ललिता या चिठ्ठ्यांवरच मराठी वाचायला शिकली. पुस्तक संपलं की ती विचारायची, “आता पुढं काय म्हणतोय तो?” आणि मामा पुढच्या सुट्टीला नवीन चिठ्ठ्या लिहून आणायचे.

मग मला समाजसेवेचा झटका आला. पुण्याच्या काही ओळखीच्या लोकांना गाठून मी मुलांसाठी टॅब मिळवले. मामांची कॉमिक्स स्कॅन करून त्यात टाकायची, सोलापुरात डिजिटल वाचनालय सुरू करायचं, असा बेत. मामांना सांगितलं तर काय खूश झाले! “म्हंजी एकाच टायमाला समद्यांना वाचाय मिळंल? न्या की.” सगळी पुस्तकं त्यांनी स्वतः माझ्या गाडीत ठेवली. मी शब्द दिला, जशीच्या तशी परत देतो.

स्कॅनिंगवाला म्हणाला, शिवण कापून पानं सुटी केली तर काम पटकन होईल. मी म्हटलं, कापा. मग म्हणाला, “साहेब, या चिठ्ठ्या मशीनमध्ये अडकतात. काढून टाकू का?” एकेक पान मोबाईलवर टिपता आलं असतं. आठ दिवस गेले असते, इतकंच. पण उद्घाटनाला पुण्याची माणसं येणार होती. त्यांनी ‘गेटपास कुटंय’ वाचलं असतं तर माझी शोभा झाली असती, असं मला वाटलं. मी म्हणालो, “काढा. नाहीतरी सगळं चुकीचंच लिहिलंय.” हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडानं. सुटी पानं मी तिथूनच रद्दीत दिली.

कार्यक्रम थाटात झाला. मामांना शाल, नारळ, टाळ्या. ललितानं टॅबवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि ती मोठ्यानं म्हणाली, “मामा, यात तुमचं काहीच नाही!” मामांनी टॅब हातात घेतला. बराच वेळ एकेक पान बघितलं. “चित्रं लई झकास दिसत्यात,” म्हणाले आणि टॅब तिला परत दिला. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, “सायेब, पुस्तकं कवा देताय?”

“घरी आहेत मामा. जपून ठेवलीत,” मी म्हणालो. इतकं सहज खोटं मला बोलता येतं हे मलाही त्या दिवशीच कळलं.

मामा निवृत्त झाले. टॅबवर पोरं गाणी बघू आणि गेम खेळू लागली, आणि वर्षाच्या आत बहुतेक टॅब बंद पडले. शेडमध्ये सुताची पोती आली. मामा मात्र पुस्तकांसाठी आमच्या घरी यायचे, वळसंगहून सायकल मारत. बेल वाजली की मी आतल्या खोलीत जायचो. बायको दारातच सांगायची, हे बाहेरगावी गेलेत. मामा पाणी प्यायचे आणि म्हणायचे, “सांगा सायबांना, घाई न्हाय.” तिसऱ्या वेळी ते गेल्यावर ती माझ्यावर कडाडली, “त्या म्हाताऱ्या माणसाशी मी यापुढं खोटं बोलणार नाही. काय ते तुम्ही बघा.” पण मामा पुन्हा आलेच नाहीत.

मागच्या महिन्यात धीर गोळा करून वळसंगला गेलो. मामा ओट्यावर बसले होते, फार वाळलेले. “या की सायेब,” म्हणाले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. कापलेली शिवण, काढलेल्या चिठ्ठ्या, रद्दी. स्कॅनिंगवाल्याला काय म्हणालो, तेसुद्धा. सांगताना मान वर होत नव्हती.

“म्हाईत हाय की,” मामा म्हणाले.

“कसं?”

“त्या दिवशी टॅबवर बगितलं न्हवं का. चिठ्ठ्या वडून काडल्याल्या दिसत हुत्या, आन् पानाला शिवणीची भोकंच न्हवती. कड कापल्याबिगर ती जातील व्हय? आन् कापल्यालं कोन जपून ठेवतंय?”

नवीन कॉमिक्स आणतो, पुन्हा लिहाल का, असं काहीतरी बरळलो. ते म्हणाले, “आता न्हाय सुचत. म्होरं पोरं आसली की सुचायचं.”

आणि मग, जे विचारायला नको होतं, ते मी विचारलं. “सगळं माहीत होतं तर एवढ्या लांबून माझ्या घरी कशाला यायचा मामा?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

“तुमी सांगताय का, ते बगायला,” म्हणाले.