पलसाण्याचा साग

सुरतच्या आमच्या मराठी शाळेतल्या स्टाफरूमचे किस्से कुणी लिहून ठेवले नाहीत. नोकरी संपली तरी एकेक आठवतोच. बरेचसे चौधरी सरांचे. सर अमळनेरचे, जीवशास्त्र शिकवायचे, स्वभावाने सरळ. फक्त एकदा मत झालं की त्याला पुरावे शोधायचे, आणि ते त्यांना सापडायचेच!

सरांनी स्कूटर घेतली. मग रोज सांगायचे, पर्वत पाटियाच्या नाक्यावर आज आपल्यासारख्या अकरा दिसल्या. दुसऱ्या कंपनीच्या किती दिसल्या, असं मी एकदा विचारलं.

"त्या कोण मोजतो?"

*

हिंदीच्या देशपांडे बाई भविष्य दोन पेपरांत वाचायच्या, एक गुजराती, एक मराठी. ज्यात चांगलं लिहिलेलं, तो पेपर त्या दिवशी खरा. एकदा दोन्हींत वाईट निघालं. मधल्या सुट्टीत बाई तिसरा पेपर विकत घेऊन आल्या.

*

चौऱ्याण्णव साली, प्लेगच्या वर्षी, मी बायकामुलांना घेऊन धुळ्याला पळालो. सर सुरतेतच राहिले. शाळा उघडल्यावर मी म्हणालो, गेलो म्हणून वाचलो. सर म्हणाले, "मी नाही गेलो. मला काय झालं?" दोघांचंही बरोबर ठरलं, म्हणून चहा मागवला.

*

पुढे सागाच्या लागवडीची स्कीम आली. एजंट सांगायचा, आज रोप घ्या, मुलगी लग्नाची होईल तेव्हा लाकूड विका. सर भाड्याच्या घरात राहायचे. घरासाठी प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे त्यांनी यात घालायचं ठरवलं. तरी धुळ्याला बँकेत असलेल्या साडूंना पत्र टाकून विचारलं. साडूंचं चार पानी उत्तर आलं. सरांनी आम्हाला त्यातली एकच ओळ वाचून दाखवली: "साग हे झाड उत्तमच."

ते पत्र मी नंतर वाचलं. पैसे घालू नका, असं त्यात पाच वेळा लिहिलं होतं.

मे महिन्यात सर मला प्लॉट दाखवायला सुरतेबाहेर, पलसाणा गावाच्या पुढे घेऊन गेले. तारेच्या कुंपणात नंबर लावलेल्या काटक्यांच्या रांगा होत्या. एकीलाही पान नव्हतं.

"साग उन्हाळ्यात पानं गाळतो," सर म्हणाले.

सरांच्या नंबराची काटकी मी नुसती धरली, तर ती हातातच आली. खाली मूळ नव्हतं. कोयत्याने तासलेलं टोक होतं.

सरांनी ती माझ्याकडून घेतली. बराच वेळ ते टोक पाहिलं. मग खाली बसून ती पुन्हा जमिनीत खोचली, भोवतीची माती तळहाताने दाबली आणि वॉटरबॅगमधलं प्यायचं पाणी तिला घातलं.